अस्सल मेहंदी आणि मूठभर तांदूळ

बाजारात 'काळी मेहंदी' म्हणून जे काही विकतात, त्याचा मला इतका राग आहे की लालबागपासून परळ नाक्यापर्यंत घरोघर वाटला तरी टोपभर उरेल. मेहंदी काळी नसते. पान हिरवं, रंग तांबडा, विषय संपला. काळी झाली म्हणजे कोणीतरी त्यात काहीतरी कालवलंय. हे मी माझ्या धाकट्या बहिणीला केस पिकायला लागल्यापासून सांगतेय, आणि ती तेव्हापासून पार्लरमधल्या पोरीचं ऐकतेय.

शेवटी लागला निकाल. तिच्या मुलाचं लग्न दोन महिन्यांवर आलेलं, आणि त्या काळ्या मेहंदीने हिचं तोंड असं सुजलं की दूधवाल्याने दारात तिलाच विचारलं, "बाई घरात आहेत का?" डॉक्टरांनी बाटल्या-पाकिटातले सगळे रंग बंद केले. सूज उतरली, पण लग्नाच्या आठवड्यापर्यंत भांगात पांढऱ्याचा पट्टा झाला.

"पुतण्याच्या लग्नात मला एका बाईने नवरदेवाची आजी समजून वाकून नमस्कार केला होता," ती म्हणाली. "माझ्या पोराच्या लग्नात तसं झालं तर मी फोटोला उभी राहणार नाही. सांगून ठेवते."

ती बोलते तसं करते. लहानपणी रुसून दोन दिवस माळ्यावर बसली होती. मी म्हणते आठ, पण दोन नक्की.

"तुझं डोकं माझ्या ताब्यात दे," मी म्हटलं.

आमच्या गावच्या घराच्या दगडी गडग्याला लागून मेहंदी आहे. भावाने पानं सावलीत सुकवून पिशवी भरून पाठवली. ती मी लालबागच्या मसाल्याच्या चक्कीवर दळून आणली, लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवली आणि सकाळी बहिणीला गॅलरीत स्टुलावर बसवलं.

"ताई, मसाल्याचा वास येतोय गं."

"लालबागेत राहतेस. इथे अगरबत्तीलाही मसाल्याचा वास येतो."

अर्धं डोकं झालं. "चुरचुरतंय."

"चुरचुरणारच. अस्सल आहे. तुला भेसळीची सवय."

मग तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या, कान टोमॅटोसारखे झाले, आणि ती स्टूल घेऊनच उठली. मोरीत नळाखाली डोकं घातलं ते टाकी रिकामी होईपर्यंत. खालच्या मजल्यावरच्या बायकांना ठसका लागला, हे मी वाढवून सांगत नाही. मी कढईत बोट बुडवून जिभेला लावलं. मालवणी मसाला. आणि चांगला झणझणीत, बेडगी कमी, लवंगी जास्त.

दही झालं, खोबरेल झालं, आग कमी झाली. पण रंग धड बसला नव्हता. पुढची एक बट केशरी, बाकी भांग पांढराच. ती आरशात बघून एवढंच म्हणाली, "फोटोवाल्याला सांग, आई नाही म्हणून."

मी तशीच, कोपरापर्यंत मेहंदीने माखलेल्या हातांनी चक्कीवर गेले. एप्रिल महिना, वर्षाच्या मसाल्याचा हंगाम, मिरच्यांच्या पिशव्या घेऊन बायकांची रांग. रांगेपुढे उभी राहून मी त्या चक्कीवाल्याच्या सात पिढ्यांना जाग आणली. मिरची दळलेल्या चक्कीत मेहंदी घालतोस? माणसाचं डोकं आहे की कोंबडीचं कालवण?

त्याने चक्की बंद केली. लाल धुळीने माखलेला चेहरा पुसला आणि फक्त मला ऐकू येईल इतकंच बोलला, "काकी, चक्की साफ करायला मूठभर तांदूळ दळून घेतो म्हटलं होतं. तुम्हीच नको म्हणालात."

म्हणाले होते. माझ्या अस्सल मेहंदीत तांदळाच्या पिठाचा कणही नको, असं याच रांगेसमोर छाती काढून म्हणाले होते.

यावर शहाण्या माणसाने काय करावं? मी आणखी मोठ्याने ओरडले आणि घरी आले. बहिणीला सांगितलं, चक्कीवाला मुलखाचा बेफिकीर आहे, तांदूळ दळून चक्की साफही केली नाही. ती हळदीपर्यंत त्याला शिव्या घालत होती आणि मी त्यांत भर घालत होते.

लग्नात चक्कीवाला आला. भाच्याबरोबर गणपती मंडळाच्या मंडपात राबलेला, आमंत्रण होतंच. बहीण पदर डोक्यावरून घट्ट ओढून स्टेजच्या खाली खुर्चीत बसली होती, वर जायला तयार नव्हती. तो दिसताच उठली. तिच्यामागे मी, हातात मठ्ठ्याची वाटी घेऊन.

"काय रे, तांदूळ घालून चक्की साफ करायची अक्कल नाही तुला?" बहीण कडाडली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. फार नाही, डोळ्यांची एक उघडझाप. मग खाली वाकून तिच्या पाया पडला.

"चुकलं माझं, मावशी. माझ्यामुळे पोराच्या फोटोत आई नाही असं करू नका. नाहीतर जेवत नाही मी."

आता पाया पडलेल्या माणसाला उपाशी कसं घालवणार? ती फणकारली, पदर मागे टाकला आणि केशरी बटेसकट स्टेजवर जाऊन मुलाच्या शेजारी उभी राहिली. फोटोत ती बट आमच्या सगळ्यांच्या आधी दिसते.

पार्लरवालीवरचा माझा राग एव्हाना निवलाय. चक्कीवाल्यावरचा निवत नाही. त्याने त्या दिवशी लग्नात खरं बोलायला हवं होतं. मी ओरडले असते, बहीण ओरडली असती, हिशेब मिटला असता. आता दर हंगामात मला त्याच्या रांगेत उभं राहावं लागतं, पिशवीत घरचे मूठभर तांदूळ घेऊन, आणि तो चक्की साफ करताना एक शब्द बोलत नाही.