श्रद्धांजलीनंतर सापडलेले अध्यक्ष

ती दुपार पोलिस खात्यातून निवृत्त झाल्यावरही माझ्या मनातून गेलेली नाही. राज्य सरकारच्या मालकीच्या एका वृत्तकंपनीने आपल्याच अध्यक्षांच्या निधनाची बातमी सगळ्या वर्तमानपत्रांना आणि वाहिन्यांना पाठवली होती. अध्यक्ष मूळचे पत्रकार. नारायण पेठेत खोली घेऊन कोर्टाच्या बातम्या देणारा हा माणूस पुढे संपादक झाला आणि शेवटी सरकारने त्यांना मोठ्या खुर्चीत बसवले. तेव्हापासून ते लिहीत नसत, फिती कापत.

बड्या लोकांचे मृत्युलेख अशा कंपन्यांत आधीच तयार असतात, तसा त्यांचाही होता. घरी ते एकटेच राहत, फोन बंद. बातमी खोटी म्हणायला कोणी नव्हते. शोकसंदेश इतक्या तत्परतेने आले, की तेही तयार असावेत असा मला व्यावसायिक संशय आला.

तेवढ्यात आमच्या ठाण्यात कात्रजच्या सर्पोद्यानातून रखवालदाराचा फोन. "टीव्हीवर दाखवत्यात ते साहेब हितं अजगराच्या काचेपुढं बसल्यात. चांगले जिवंत हायत."

आम्ही गेलो. झाडांतून ऊन गळत होते, अजगर निजला होता आणि साहेब त्याच्याकडे पाहत होते. दोघांनाही कुठे जायचे नव्हते. मी त्यांना त्यांच्या निधनाची बातमी सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

कंपनीच्या सचिवांनी तक्रार दिली. बातमी डेस्कवरच्या एका तरुण उपसंपादिकेच्या संगणकावरून गेली होती. विदर्भातून आलेली, हिंजवडीत बहिणीकडे राहणारी मुलगी. तिला निलंबित केले होते. गुन्हा दाखल झाला असता तर तिला पुन्हा कुठल्याच डेस्कवर कोणी बसवले नसते. मी तिला तेच ते फिरवून फिरवून विचारले. ती चहाला गेली होती, संगणक उघडाच राहिला होता. पाठ केलेले उत्तर एका शब्दानेही हलत नाही. तिचे दर वेळी थोडे हलत होते, म्हणून मला ते खरे वाटले.

मग अध्यक्षांच्या ड्रायव्हरला बोलावले. त्या सकाळी साहेबांनी आपणहून त्याला सुट्टी दिली होती आणि कात्रजची बस कुठे मिळते तेही विचारले होते. एरवी त्यांच्या गाडीचे दारसुद्धा दुसऱ्याने उघडायचे.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो. "साहेब, बस आधीच विचारून ठेवली होतीत आपण."

ते खिडकीकडे वळले. "एक दुपार मला कोणी शोधू नये, एवढंच हवं होतं."

"रजा घ्यायची होती."

"रजेवरच्या अध्यक्षाला फोन येतात."

मुलगी चहाला गेल्यावर तिच्या संगणकावरून तो तयार मृत्युलेख मीच पाठवला, लगेच खुलासाही करणार होतो, पण तो कसा लिहायचा तेच सुचेना, असे ते म्हणाले. आयुष्यभर बातम्या लिहिलेला माणूस.

"अहो, त्या मुलीची नोकरी जातेय," मी म्हणालो.

त्यांनी मान खाली घातली. "घ्या माझा जबाब."

नाव, वय, पत्ता लिहून झाला. मी विचारले, "व्यवसाय?"

"बातमीदार," ते म्हणाले.

मुलगी पुन्हा कामावर रुजू झाली, त्यांची खुर्ची गेली. खुर्ची सुटताना भांडणारी, रडणारी माणसे मी पुष्कळ पाहिली. जबाबावर सही करताना चेहरा उजळलेला हा एकच. तेव्हापासून व्यासपीठावर कोणी हारांखाली बसलेले दिसले, की आत माणूस आहे का, ते मी आधी पाहतो.