दोन चौकट

कारखान्यात त्या बाई होत्या, क्लबात वहिनी. कारखाना गणवेशांचा. लांबलचक टेबलावर कापडाचे चाळीस थर एकावर एक पसरायचे, वर खाकी कागदाचा नमुना ठेवायचा, खडूने कडा आखायची आणि मग यंत्राची कात्री फिरवायची. एक चूक म्हणजे चाळीस चुका. म्हणून कात्री सुरू करण्याआधी बाई क्षणभर थांबत. मशीनवरच्या बायका चिडवत, "शू! बाई कापडाची परवानगी घेतायत." बाई हसत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तितक्याच थांबत. सव्वीस वर्षं हे असंच चालू होतं.

क्लब म्हणजे वाचनालयाची माडी. दर रविवारी दुपारी तिथे सहा टेबलं मांडली जात आणि ब्रिज चाले. वहिनींचे यजमान आणि त्यांचा धाकटा भाऊ अशी जोडी तिथे अठरा वर्षं खेळली. वहिनी नवऱ्याच्या मागे खुर्ची ओढून बसायच्या, मांडीवर काही ना काही हातशिलाई असायची. नवरा गेल्यावर सहा महिने ती जागा रिकामी राहिली. मग एका सकाळी दीर काखेत लांबट वही घेऊन दारात उभे राहिले.

"वहिनी, दादाची पानं कुणीतरी उचलायला हवीत."

"मला काय येतंय, भाऊजी?"

"अठरा वर्षं मागे बसून काय भिंतीला टाके घालत होतात?"

वही नवऱ्याच्या अक्षरातली होती. निळी शाई, उजवीकडे कललेली अक्षरं, मागून कुणी हाक मारल्यासारखी घाईतली. तीत दोघा भावांचे करार होते, एकूण बासष्ट. ब्रिजमध्ये जोडीदार समोरासमोर बसतात आणि एकमेकांची पानं त्यांना दिसत नाहीत. डाव सुरू होण्याआधी बोली लागते, तेवढाच बोलायचा मार्ग. डोळा मिचकवायचा नाही, खाकरायचं नाही. मग कुठल्या बोलीचा अर्थ काय, हे जोड्या आधीच ठरवून ठेवतात. समोरच्याने "एक नो ट्रम्प" म्हटलं, म्हणजे हुकमाविना खेळायची बोली लावली, आणि आपल्याकडे बदामाची पाच पानं असली, तर भावांच्या वहीप्रमाणे "दोन बदाम" म्हणायचं नाही. "दोन चौकट" म्हणायचं. जोडीदाराने ओळखून "दोन बदाम" म्हणायचं. त्याने डाव त्याच्याकडे जातो आणि त्याचा तगडा हात झाकलेला राहतो. यात लपवाछपवी नसते. प्रतिस्पर्ध्याने विचारलं की जोडीदाराने अर्थ सरळ सांगायचा. पानं झाकलेली, करार उघडे.

वहिनींनी चार महिन्यांत बासष्टच्या बासष्ट पाठ केले. त्या निमित्ताने रोज संध्याकाळी ते अक्षर डोळ्यांखालून जायचं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

भाऊजींना पाठ करायची गरजच नव्हती. औषधांच्या दुकानात त्यांचं आयुष्य गेलं. कुठली बाटली कुठल्या फळीवर, हे ते पाठमोरे उभे राहून सांगत. वहिनींची बोली चुकली की घरी जाताना पायऱ्यांवरच खरडपट्टी निघे. "दादा असता तर पत्ते तुमच्या डोक्यावर उधळले असते." नऊ वर्षं त्यांनी असं एकमेकांना सांभाळलं.

या वर्षी काहीतरी सैल झालं. एकदा वहिनींच्या "एक नो ट्रम्प"वर भाऊजी "दोन चौकट" बोलले आणि त्यांच्याकडे निघाल्या खरोखरच चौकटी. वहिनींना वाटलं, दमले असतील. महिन्याने पुन्हा तेच झालं, तेव्हा ते म्हणाले, "चष्म्याचा नंबर बदलायला हवा." तिसऱ्यांदा ते काहीच म्हणाले नाहीत, कारण चुकलं हेच त्यांच्या गावी नव्हतं. त्या दिवसापासून वहिनी पत्त्यांपेक्षा भाऊजींच्या चेहऱ्याकडे जास्त पाहू लागल्या. बोलल्या मात्र नाहीत. भाऊजी खेळले नाहीत तर रविवार कुठे काढतील, हा एकच प्रश्न त्या मनात उलटसुलट करत राहायच्या.

वार्षिक चषकाच्या शेवटच्या फेरीला दोघं दुसऱ्या क्रमांकावर होते. समोर आले बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर आणि त्यांच्या जोडीदार, दातांच्या डॉक्टरीणबाई. मॅनेजर जिभेचे तिखट.

"या वहिनी, आज चषकासाठी कपाटात जागा करून आलात का?"

"कपाट आहे मोठं. तुमच्या घरचाही ठेवून घेईन."

पत्ते वाटले गेले. वहिनी म्हणाल्या, "एक नो ट्रम्प." मॅनेजर पास. भाऊजींनी पानं नीट केली. "दोन चौकट." डॉक्टरीणबाई पास. वहीप्रमाणे वहिनी म्हणाल्या, "दोन बदाम." यावर भाऊजींच्या कपाळाला आठी पडली. आपलं कुणी ऐकलंच नाही, अशा सुरात ते म्हणाले, "तीन चौकट."

वहीत याचा अर्थ होता: बदाम आणि चौकट दोन्ही लांब, आणि हात जोरदार. ती आठी, तो सूर वहिनींनी ओळखला. पण जोडीदाराच्या चेहऱ्यावरून बोलायचं नसतं, वहीवरून बोलायचं असतं. त्या "तीन नो ट्रम्प" म्हणाल्या आणि तिथेच बोली थांबली.

पहिलं पान मॅनेजरांनी टाकायचं होतं. त्यांनी विचारलं, "वहिनी, ती दोन चौकट म्हणजे काय हो?"

वहिनी थांबल्या. कात्रीआधी थांबतात तितक्याच. ओठांवर दोन वाक्यं होती: एक वहीतलं, दुसरं भाऊजींच्या विसरण्याचं, आणि ते त्यांच्या तोंडावर म्हणावं लागलं असतं. त्यांनी पहिलंच म्हटलं.

"बदामाची पाच पानं."

मॅनेजरांकडेही बदामाची पाच पानं होती, वर राजा-राणी. समोर पाच असतील तर आपली काय कामाची, असा विचार करून त्यांनी इस्पिकचं पान टाकलं. नियमाप्रमाणे भाऊजींनी आपली पानं टेबलावर उघडी मांडली. बदामाचं एकच पान आणि चौकटीची सहा. वहिनींनी बोलीला लागणारे नऊ हात केले. बदाम आले असते तर डाव बुडाला असता, हे चौघांनाही कळत होतं.

"बदाम काय वाटेत सांडले?" मॅनेजर म्हणाले आणि त्यांनी गणिताच्या सरांना हाक मारली. स्पर्धेतले वाद सर सोडवायचे. सरांनी वही उघडून तो करार बोट फिरवत वाचला.

"वहिनींनी सांगितलेला अर्थ बरोबर आहे. विसरले ते. विसरायला बंदी नाही, निकाल तसाच राहील." वही मिटता मिटता ते थबकले. "फक्त एक विचारतो. असं आधी झालंय का? जोडीदार एखादा करार वारंवार विसरतो, हे तुम्हाला माहीत असेल, तर तेही सांगावं लागतं. जे तुम्हाला कळतं, ते यांनाही कळायला हवं."

"छे हो सर," भाऊजी हसून म्हणाले. "पहिल्यांदाच. सांगा ना, वहिनी."

वहिनींनी वर पाहिलं. त्या चेहऱ्यावर लपवणं नव्हतं. भाऊजी खरं बोलत होते, त्यांना आठवत होतं तेवढं. आता मान हलवली की चषक घरी, आणि भाऊजींचा हसरा चेहराही शाबूत. कुणी शंकासुद्धा घेतली नसती.

"ही चौथी वेळ, सर," वहिनी म्हणाल्या. "मला माहीत होतं. यांनी विचारलं तेव्हाच सांगायला हवं होतं. चूक माझी आहे, भाऊजींची नाही."

मॅनेजर काहीतरी बोलणार होते, पण डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. सरांनी खाली मान घालून निकाल बदलला, चषक गेला.

घरी जाताना भाऊजी दोन पावलं पुढे चालत होते. कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापाशी थांबून त्यांनी विचारलं, "चार?"

"चार."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"तुम्ही खेळ सोडाल म्हणून."

"वा! म्हणजे सरांना सांगितलं, मॅनेजरला सांगितलं. मी तेवढा परका." मग ते पुन्हा दोन पावलं पुढे चालू लागले.

दोन रविवार त्यांची खुर्ची रिकामी राहिली. वहिनींनी फोन केला की घरात कुणी नुकतंच झोपलं असावं अशा हलक्या आवाजात ते म्हणत, "बघू." तिसऱ्या आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत, ते थेट कारखान्यात आले. काखेत वही.

"यातलं काय काय खोडायचं ते खोडा."

वहिनींनी वही हातात घेतली, पण उघडली नाही. "ह्यांच्या अक्षरावर मी रेघ मारायची?"

"मग काय करायचं? मला धरवत नाही आता एवढं. खोटं कशाला बोलू?"

वहिनींनी टेबलाखालून खाकी कागदाचा एक उरलेला तुकडा काढला, कात्रीने चौकोनी केला आणि पेन्सिल घेतली. "वही नका बघू. जे आपणहून आठवतंय, ते सांगा. तेवढेच आपले करार."

भाऊजी स्टुलावर बसले, डोळे मिटले आणि सांगू लागले. मशीनवरच्या बायका डबे खाता खाता कान देऊन ऐकत होत्या, एकीलाही काही समजत नव्हतं. अकरा करार आले. काही तर वहिनीच विसरल्या होत्या.

"आणि मी एक नो ट्रम्प म्हटल्यावर, दोन चौकट?"

मिटलेल्या पापण्यांमागे भाऊजी कुठल्यातरी फळीवर हात फिरवत असावेत.

"चौकट," ते शेवटी म्हणाले. "नाही का?"

"हो," असं म्हणून वहिनींनी ते बारावं लिहिलं.

रविवारी पहिल्याच फेरीला मॅनेजर समोर आले. भाऊजींनी खाकी कागद खिशातून काढून त्यांच्यापुढे सरकवला.

"एवढंच?" मॅनेजरांनी कागद उलटून पाहिला. "बाकीचे पन्नास?"

"ते दादाबरोबरचे होते," भाऊजी म्हणाले. "हे वहिनींबरोबरचे. आणि साहेब, यातलाही एखादा मी विसरेन. आधीच सांगून ठेवतो, मग सरांना हाका मारू नका."

मॅनेजरांनी पत्ते पिसायला घेतले.

तिसऱ्या डावात वहिनी "एक नो ट्रम्प" म्हणाल्या आणि भाऊजी "दोन चौकट". कागद पुढ्यातच होता, तरी मॅनेजरांनी मुद्दाम विचारलं, "म्हणजे काय हो, वहिनी?"

वहिनी या वेळी थांबल्या नाहीत.

"चौकट," त्या म्हणाल्या.