संत्र्यांना ताण देताना

आमची संत्र्याची बाग बाभुळगावच्या अलीकडे, रस्त्याला लागून आहे. नवऱ्याची नोकरी यवतमाळला, त्यामुळे शेताचं सगळं माझ्याकडे, आणि माझ्यावर देखरेख सासऱ्यांची, म्हणजे मामाजींची. ही झाडं त्यांनी स्वतः लावलेली. एका उन्हाळ्यात विहीर आटली, तेव्हा डोक्यावरून पाणी आणून जगवलेली. झाडं सहा वर्षांची झाली आणि मी पहिला आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलांचं पीक, धरायचं ठरवलं.

बहार धरायचा तर आधी झाडांना ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडावं लागतं. डिसेंबरात मी ठिबक बंद केलं. महिन्याभरात पानं मलूल होऊन कडेने वळायला लागली, आणि इकडे मामाजींचं जेवणावरचं लक्ष उडालं.

"झाडं तहानेनं वाळून राह्यले अन् तू नुसती पाहून राह्यली? काहून वो?"

मी समजावलं. पाणी मिळत राहिलं की झाडात वाढीचं संजीवक जोरात असतं, नुसती पालवी फुटत राहते. तहान लागली की ते ओसरतं, वाढ थांबते, काड्यांत अन्न साठतं. मग पाणी सोडलं की फुलं येतात. मामाजींनी सगळं निमूट ऐकलं. तिथेच मला शंका यायला हवी होती.

एका सकाळी शेतात गेले तर बांधाकडच्या पाच झाडांखाली माती ओली! मामाजी बादली घेऊन हौदाकडे निघालेले.

"मामाजी, बहार घालवता काय तुमी?" माझा आवाज चांगलाच चढला होता.

"पाचच झाडायले देतो," ते म्हणाले. "बाकीच्यायले द्याची ताकद नाही राह्यली."

तरी मी बादली घरी नेऊन कुलपात ठेवली. रागाच्या भरात माणूस काय काय करतो!

जानेवारीत पाणी सोडलं आणि पुढच्या महिन्यात बाग पांढरी झाली. वास थेट रस्त्यापर्यंत. ती पाच झाडं मात्र कोवळ्या पालवीने भरलेली, कळी एक नाही. मामाजी त्यांतल्या एका झाडाला हात लावून बराच वेळ उभे होते. मी मनात टोमणे तयार ठेवले होते, पण त्यांचा पडलेला चेहरा पाहून मलाच वाईट वाटलं.

"पुढच्या साली ताण देशीन तवा मले पोरीकडं धाडून दे," ते म्हणाले. "माह्याच्यानं पाहवत नाही."

म्हणून या डिसेंबरात ठिबक बंद करायच्या आदल्या दिवशी त्यांना केळापूरला नणंदेकडे पोचवून आले. रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो. नातवाची चौकशी नाही, माझी तर नाहीच. फक्त, "पानं कसे आहेत?"

काल फोन आला तेव्हा मी बागेतच होते. समोरची पानं पार वळली होती.

"हिरवीगार आहेत, मामाजी."



"खोटं बोलून राह्यली तू," ते म्हणाले. "उद्याही असंच सांगजो."