दादाने बसवलेला आवाज

वहिनीचा फोन आला तेव्हा मी कॉटन ग्रीनला ऑफिसात होतो. "भावोजी, या," एवढंच म्हणाली. काय झालं ते मी विचारलं नाही. जिना उतरताना रडू आलं नाही, नुसता थकवा आला... परळच्या हॉस्पिटलातल्या बाकांवर बसून बसून आम्ही सगळेच दादाच्या आधी संपलो होतो.

दादा विमा कंपनीच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झाला होता. लालबागच्या आमच्या चाळीत गॅलरीतून खालच्या माणसाशी मोठ्याने गप्पा मारणारा. घशाचा कॅन्सर निघाला, स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या डेस्कटॉपवरचा कपडा काढला. रोजची वाक्यं ऑपरेशनआधी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करायची आणि बटण दाबलं की वाक्य वाजेल असा प्रोग्राम लिहायचा, असं त्याच्या डोक्यात होतं.

"अरे, मोबाइलवर अ‍ॅप असतं. टाइप केलं की बोलतं," मी म्हटलं.

"त्यात कुणीतरी बाई बोलते. तुझ्या वहिनीशी मीच बोलायला हवं."

प्रोग्राम लिहायची जावा ही भाषा तो ऑफिसात शिकला होता. पण त्या म्हाताऱ्या मशीनवर जावाच्या किटचा इन्स्टॉलर अर्ध्यातच बंद पडायचा. मग हातानेच बसवायचं ठरलं. त्याने जुनी आवृत्ती शोधून झिप फाइल उतरवली, फोल्डर सी ड्राइव्हवर उलगडलं. आता ते फोल्डर कुठे आहे, हे सेटिंगमध्ये लिहून मशीनला सांगायचं होतं. तो घोगऱ्या आवाजात एकेक अक्षर सांगायचा, मी टाइप करायचो. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत कमांड दिली की उत्तर तेच... अशी कमांड ओळखीची नाही. खिडकी बंद करायची, सेटिंगमधला फोल्डरचा पत्ता तपासायचा, पुन्हा उघडायची. मी वैतागलो.

"दादा, पुरे आता. घसा दुखेल."

"नंतर दुखायला घसा कुठे आहे?" म्हणाला, आणि हसला. मला हसता आलं नाही.

सेटिंगमध्ये आधीपासून असलेल्या पत्त्यापुढे एक अर्धविराम राहून गेला होता. तो घातला, आणि खिडकीत जावाच्या आवृत्तीचा आकडा उमटला. दादाने टेबलावर थाप मारली. मग त्याने प्रोग्राम लिहिला, आणि गॅलरीचं दार लावून वाक्यं रेकॉर्ड केली. "अगं, चहा टाक." "पंखा कमी कर." "जरा बस ना इथे."

ऑपरेशननंतर तो काही महिने त्या बटणांवरच बोलला. शेवटी खुर्चीपर्यंत येणंही झेपेना, तेव्हा वहिनीचा हात धरून पडून राहायचा.

परवा मी वहिनीला म्हटलं, आवाज तुझ्या फोनमध्ये घालून देतो.

"नको, भावोजी. फोनमध्ये आला तर बाजारातही वाजवीन. मग सवय होईल हो..."

संध्याकाळी दिवा लावून झाला की ती आतल्या खोलीत जाऊन कॉम्प्युटर सुरू करते. मशीन सुरू व्हायला फार वेळ घेतं, तोवर ती गुडघे चोळत बसते. मग कधी बटण दाबते, कधी न दाबताच बंद करते.