उतरलेलं तेल

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या लहानशा कारखान्यात तळणीच्या वापरून झालेल्या तेलापासून बायोडिझेल तयार होते. तेल गाळायचे, त्यातले पाणी काढायचे, रसायनांसह तापवून निवत ठेवायचे. टाकीच्या तळाशी दाट ग्लिसरीन बसते, ते साबण करणारे नेतात, आणि वर राहते ते पिवळसर, पातळ इंधन. तेल गोळा करायला मी स्वतः हिंडतो. माझा आवाज मुळातच हळू आहे. हळू बोललेला शब्द कुणाला लागत नाही, असा माझा समज होता.

तो समज पांढरकवड्याच्या रस्त्यावर गेला. तिथे माझ्याच वयाची एक बाई आलूबोंडे तळते. बाकावर काही ट्रकवाले खात बसले होते. मी कढईपाशी वाकून, अदबीने विचारले, "ताई, जळकं तेल आहे का?" कारखान्यात आम्ही सगळे हाच शब्द वापरतो. पण एका ट्रकवाल्याने हातातला अर्धा बोंडा उलटसुलट करून पाहिला आणि प्लेट खाली ठेवली. त्याच्यामागोमाग दुसराही उठला.

बाईने झारा कढईवर आडवा ठेवला. "भाऊ, तुम्ही तेल न्याले आले, का माह्ये गिऱ्हाईक न्याले?" मग खालच्या आवाजात म्हणाली, "जयकं काहून म्हनता? उतरलेलं म्हना. मी उतरवते, म्हनून तं तुमाले द्याले उरते."

दुकानामागे पोत्याखाली झाकलेला तेलाचा डबा मला दिसत होता. तिने तो दिला नाही. मीही मागितला नाही.

परतताना तिचे बोलणे मला सोडीना. खरेच, जिथे तेच तेल पुन्हापुन्हा कढईत चढते, तिथे माझ्यासाठी काही उरतच नाही. ज्यांच्या सचोटीवर माझी टाकी भरते, त्यांच्याच माथी मी तो शब्द मारत आलो होतो. क्षमेची वाक्ये मी मनात पुष्कळ जुळवली. पण ती तिच्या एकटीच्या कानात सांगून काय होणार होते? नुकसान चारचौघांत झाले होते.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा बाक भरलेला होता. तो डबा तिने कढईशेजारी, सगळ्यांना दिसेल असा मांडला होता. मी जवळ जाऊन म्हणालो, "ताई, उतरलेलं तेल न्यायला आलो."

तिने मान वर केली नाही.

"जरा मोठ्यानं बोला, भाऊ," ती म्हणाली. "त्या दिशी तं साऱ्याइले आयकू गेलतं."