लाखोळीतला पिवळा धागा

मी गाव सोडलं त्या सकाळी एकही कुत्रं भुंकलं नाही. आमच्याकडे कोणी पेटी-पिशवी घेऊन निघालं की गावची सारी कुत्री फाट्यापर्यंत सोबत येतात, एसटी येईस्तोवर पायात लुडबुड करतात आणि कंडक्टरच्या शिव्या खाल्ल्या की मगच परततात. त्या दिवशी आम्ही तिघंच होतो. पेटी डोक्यावर घेतलेले बाबा पुढे, मी मधे, आई मागे. धुकं असं की बाबांच्या पाठीपलीकडचं काही दिसेना. आई चालताना सारखी मागे वळत होती.

"का पाहून राह्यली व आई?"

"काई नाई. तू चाल."

सिंदेवाहीला गाडी बदलायची, मग नागपूर, मग पुणे. हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली होती. गावातून नोकरीसाठी इतकी लांब जाणारी मी पहिलीच पोरगी, मी हवेत असायला पाहिजे होते. पण एसटी सुटली आणि मी खिडकीतून मागेच पाहत राहिले. आता ही दोघं एवढा रस्ता तुडवत त्याच धुक्यातून घरी जातील, एवढंच डोक्यात होतं. माझ्यासारखे जे निघून आलात त्यांना, आणि जे तिथेच राहिलात त्यांनाही, त्याआधीचा आठवडा सांगायचा आहे. लोक मला विचारतात, गावाची आठवण येते का? येते ना बाप्पा. पण तुम्हाला वाटते तशी नाही येत.

आमचं घर गावाच्या शेवटाला. मागे सांदवाडी, म्हणजे परसबाग म्हणा. तिला काट्यांचं कुंपण, कुंपणापलीकडे आमची धानाची बांधी. धान कापून झालं की त्याच ओलीवर बाबा लाखोळी, लाखेची डाळ, पेरायचे. जानेवारीत ती गुडघ्याखाली हिरवीगार असे. बांधीचा धुरा, तो मातीचा बांध, संपला की झुडपं, आणि झुडपं संपली की जंगल. मोजून काढलेली हद्द वगैरे कुठे नव्हती. लहानपणापासून आम्हाला त्याचं काही वाटायचंही नाही.

त्या आठवड्यात थंडी कडाक्याची पडली आणि बिबट गावात येऊ लागला. आज या घरचं कुत्रं गेलं, उद्या त्या घरचं. शेजारचे देवाजी भाऊ बिडी ओढत मोठ्या समजुतीनं सांगायचे, "कुत्रं त्याचा वाटा हाये. वाटा भेटला का तो माणसाकडे पाह्यत नाई." सारा गाव मान डोलवायचा. इतर हिवाळ्यांत लोक कुत्र्यांना सपरीत, ओसरीच्या उबेत घेत. त्या हिवाळ्यात मुद्दाम बाहेर ठेवू लागले. वाटा बाहेर असला की आपण आत सुखरूप. इतका साधा हिशोब! आपण त्याला आपल्या अंगणाची वाट शिकवून राह्यलो, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

एकट्या बाबांना ते पटत नव्हतं. त्यांनी जुन्या टायरची पट्टी कापली, तिला बाहेरून खिळे ठोकले आणि आमच्या चांदीच्या गळ्यात बांधली. चांदी म्हणजे आमची पांढरी म्हातारी कुत्री. बिबट नरडं धरतो, त्याला खिळे टोचले की सोडतो. आम्हालाही त्यांनी दम भरला होता, "अंधार पडताना बाहेर खाली बसाचं नाई, वाकाचं नाई. बसलेला माणूस त्याले बकरीएवढा दिसते."

आणि आमच्या आईसाहेब नेमक्या तेव्हाच बाहेर बसायच्या.

कारण माझा स्वेटर. गावात पूर्वी एक नर्सबाई राहून गेल्या, त्यांच्याकडून आई विणायला शिकली होती. मी नर्स व्हावं हेही बहुतेक त्यांना पाहूनच तिच्या मनात आलं असावं. मला नोकरी लागली तेव्हा ती आणि बाबा नाटक पाहायला वडशाला गेले होते, तिथून पिवळीधम्मक लोकर घेऊन आले. मी म्हटलं, "आई, ह्या रंगात मी हळदीची नवरी दिसन!" ती म्हणाली, "दिस. गर्दीत हरवणार तं नाई." पण दिवसभर तिला उसंत कुठली? सांजेला घरात लाइट नसे, कंदिलात टाके दिसत नसत, अंगणात मात्र थोडा उजेड रेंगाळायचा. तेवढ्यासाठी ती सांदवाडीच्या तोंडाशी पाटावर बसायची. बाबा ओरडले की म्हणायची, "पोरगी का उघडी जाईन पुण्याले? चांदी हाये ना बाजूले."

त्या सांजेला बाबा दुकानात गेले होते. मी मागच्या दारात तांदूळ निवडत होते. पाठीचा भाग विणून घरात ठेवलेला, पुढचा आईच्या सुयांवर. चांदी उठली. कुंपणाकडे पाहिलं. भुंकली नाही. शेपूट पोटाशी घेऊन मागे मागे सरकत आली आणि आईच्या मांडीवर चढायला लागली, एवढी मोठी कुत्री.

"का व, थंडी वाजून राह्यली?" आई हसली. तिनं चांदीला मांडीवर घेतलं, विणकाम तिच्या अंगावरून टाकलं आणि टाके मोजत विणू लागली. मला ते पाहून गंमत वाटली होती, हे खरं सांगते.

धानाच्या तणसाच्या ढिगामागून तो कधी आला, मला दिसलं नाही. आवाज म्हणून झाला नाही. आईच्या हातातून सुया ओढल्या गेल्या, तेवढं दिसलं. गळ्याला पट्टा होता म्हणून त्यानं चांदीची कंबर धरली. विणकाम पट्ट्याच्या खिळ्यांत अडकलं होतं, ते चांदीबरोबर गेलं आणि लोकरीचा गोळा अंगणातून टुणटुण उड्या मारत त्यांच्या मागे गेला. कुंपणाच्या काट्यांत अडकला आणि तिथंच गरगर फिरत राहिला. मग थांबला.

आई तशीच बसून होती. हात विणताना असतात तसेच, समोर. चांदी होती तिथे आता नुसती तिची मांडी होती. मी तिला बगलेत धरून आत ओढलं आणि दाराला कडी घातली. बाबा आले, सारं ऐकलं आणि भिंतीला टेकून खाली बसले. देवाजी भाऊ खिडकीतून म्हणाले, "झालं, वाटा भेटला. आता नाई येत." बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना शिवी दिली.

उजाडता उजाडता बाबा माणसं गोळा करायला गेले. मी चूल पेटवत होते. मागचं दार उघडं दिसलं आणि मी हातातलं लाकूड टाकून बाहेर धावले.

आई बांधीत होती. दवानं भिजलेल्या लाखोळीवरून पिवळा धागा पार धुऱ्यापर्यंत गेला होता, आणि ती वाकून तो गोळ्यावर गुंडाळत, एकेक पाऊल झुडपांकडे चालली होती. वाकून! मी किंचाळले, "आई, वाकू नको! उभी राह्य!" तिनं मागे न पाहता हात वर केला, थांब म्हणून. मी कुंपणाशीच थांबले. पुढे जावं तर माझ्या धावण्यानं तो उठेल, न जावं तर ही जाते. धुऱ्यावर पोचल्यावर ती थबकली. धागा पुढे झुडपात गेला होता. ती हळूच सरळ झाली, पूर्ण ताठ, आणि कितीतरी वेळ समोर पाहत राहिली. मग धागा दातानं तोडला आणि उलट्या पावलांनी, झुडपाकडे तोंड करूनच, घरापर्यंत आली.

"होता," ती म्हणाली. "खाऊन राह्यला होता. मले पाह्यलं, अन् पुन्हा खाऊ लागला."

"मंग तू काऊन गेली व?"

"एवढी लोकर कुठी भेटते आता?"

मला तिला मारावंसं वाटलं, गळ्यात पडावंसं वाटलं, आणि मी चुलीपाशी बसून भोकाड पसरलं. ती लोकर तिनं उन्हात वाळवली आणि उरलेले दिवस भर दुपारी विणत बसली. पुढचा भाग थोडा आखूड झाला. मी निघाले तोवर गावातलं शेवटचं कुत्रंही गेलं होतं.

पुण्यात माझा फ्लॅट लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये आहे. खाली सिक्युरिटी, गेटवर लाइट. शेजारच्या मॅडमचा कुत्रा हिवाळ्यात चक्क स्वेटर घालून फिरायला जातो, चार पायांना चार बाह्या. मॅडम कौतुकानं म्हणाल्या, "हाताने विणलाय हं मी!" मी छान आहे म्हटलं आणि जिन्यानं वर आले. नवऱ्याला वाटलं, मला कुत्र्यांची ॲलर्जी आहे.

मी गाव सोडल्यावर दोन-तीन हिवाळ्यांनी देवाजी भाऊंची बायको बिबटानं नेली. मोहफुलं वेचायला वाकली होती, पहाटेची. कुत्री संपली होती, वाट त्याला माहीत होती. मी रजा टाकून गेले आणि आईबाबांना जवळजवळ उचलूनच पुण्याला आणलं. बाबा गॅलरीत उभे राहून गाड्या मोजायचे. आई म्हणायची, "इथी सारंच बंद हाये. मले का झालं का कोणाले समजन?" पेरणी जवळ आली तशी दोघं परत गेली. मी भांडले, रडले, बोलणं टाकलं. बाबा म्हणाले, "त्याले भिऊन जागा सोडली तं जंगल चुलीपर्यंत येते माय." मीही तर जागा सोडूनच आले होते.

आता बाबा नाहीत. गावात मोबाइलला रेंज आली, तेव्हा पहिला फोन मी आईला घेऊन दिला. रोज दिवस मावळला की लावते. वॉर्डात असले तरी कोपऱ्यात जाऊन लावते. सिस्टर लोक मला चिडवतात. पहिला प्रश्न ठरलेला, आत आहेस ना? उत्तरही ठरलेलं, "हो व माय, आतच हावो. दार लावलं."

परवाही तेच म्हणाली. आणि तिच्या बोलण्यामागून राखेनं गंज, म्हणजे भाताचं पातेलं, घासल्याची खरखर ऐकू आली. घरात आमच्याकडे भांडी घासत नाहीत. अंगणात, दगडापाशी, उकिडवं बसून घासतात. फोन खांद्यात धरलेला असणार.

ओरडले असते तर तिनं फोन ठेवला असता. म्हणून मी ओरडले नाही. मी बोलत राहिले. भाजीचे भाव, पोराची शाळा, नवऱ्याचं घोरणं, तोंडाला येईल ते. आणि दर दोन वाक्यांनी तिला काहीतरी विचारत गेले, म्हणजे ती मोठ्यानं उत्तर देईल, मान वर करील, अंगणात माणसाचा आवाज राहील. खरखर थांबली. पाणी ओतल्याचा आवाज आला. कडी लागल्याचा आवाज अजून यायचा होता. माझं घर कुठलं म्हणाल तर ते तेवढंच आहे आता, तो आवाज येईपर्यंतचं. मी विचारलं, "आई, अन् जेवाले का केलं आज?"