कय्यूमभाईचा सोळा रंगांचा कॉम्प्युटर

नागभीडला स्टेशनच्या रस्त्यावर कय्यूमभाईचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. बंद पडलेली वस्तू समोर आली की तो ती लगेच उघडायचा नाही. आधी कान लावायचा. चालू करायचा, बंद करायचा, पुन्हा चालू करायचा. गिऱ्हाईक कंटाळून चहाला जायचं. ते परत येईपर्यंत कय्यूमभाईला दुखणं कळलेलं असायचं. शाळा सातवीतच सुटली होती. पण बल्लारशाला मामाच्या हाताखाली शिकलेला एक नियम त्याने तीस वर्षं पाळला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर चूक कोणाची ते कळत नाही.

दोन हजार दोन उजाडेपर्यंत रेडिओ येईनासे झाले. टेपरेकॉर्डरही कमी झाले. म्हणून त्याने कॉम्प्युटर बनवायचा ठरवला. विकत घ्यायचा नाही, बनवायचा. नागपूरहून तीन खेपांत सुटे भाग आणले. मॉनिटर नॅरोगेजच्या छोट्या गाडीने आला, गोधडीत गुंडाळून, मांडीवर. समोरच्या बाकावरच्या म्हातारीने विचारलं, “पोरगं हाय का पोरगी?”

“घरी जाऊन लावतो,” कय्यूमभाई म्हणाला, “मंग सांगतो.”

लावला, आणि चालला. बाजारपेठेतली पोरं बघायला येऊन गेली. कय्यूमभाई जुने फोटो स्कॅन करून त्यांवरचे डाग पुसायला शिकला. आणि मग दिवाळीत कोणाच्या तरी फ्लॉपीतून व्हायरस आला. कय्यूमभाईने सगळं पुसून विंडोज नव्याने टाकलं. पडदा उजळला, पण अक्षरं विटेएवढी मोठी झाली होती, आणि सगळ्या जगात मिळून रंग उरले होते सोळा.

एरवी त्याने सावकाश बघितलं असतं. पण ठमाबाईचा फोटो त्याच्याकडे होता.

ठमाबाई गावाबाहेरच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, राबणारी बाई. नवरा सोमाजी जाऊन आठ वर्षं झाली होती. दोघांचा एकच फोटो, जत्रेत काढलेला. कौलातून पाणी गळलं आणि सोमाजीचा अर्धा चेहरा पांढरा पडला. आता गुरुवारी मुलीचं, रुखमाचं, लग्न होतं. मांडवात पाटावर बाप दिसला पाहिजे, एवढंच ठमाबाईचं म्हणणं. कय्यूमभाईने शब्द दिला होता. आणि पडद्यावर सोमाजीचं कपाळ हिरवं, गाल जांभळे आणि नाक नाहीच. आज शनिवार होता.

कय्यूमभाईने आधी ग्राफिक्स कार्डावर संशय घेतला. पडद्यावर चित्र पाठवणारं ते कार्ड त्याने काढलं, त्याचे पिवळे दात खोडरबराने घासले, पुन्हा बसवलं. सोळा रंग. दुसऱ्या खाचेत बसणारं नव्हतंच. मग तो यंत्रांची यादी दाखवणाऱ्या खिडकीत गेला. कार्डाच्या नावाच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह होतं.

“पार्ट बरोबर हाय,” तो स्वतःशीच म्हणाला. “याले हुकूमच समजून नाई राह्यला.”

हुकूम समजावून सांगणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, कार्डासोबत सीडीवर आला होता. ती सीडी बिस्किटांच्या डब्यात ठेवली होती. डब्यात बिस्किटं होती.

रविवारी तो ब्रह्मपुरीच्या सायबर कॅफेत गेला. तिथल्या पोराने कार्डाचं नाव ऐकून इंटरनेटवरून ड्रायव्हर उतरवला. तास गेला. ड्रायव्हर चार फ्लॉप्यांत तोडून भरला. घरी येऊन टाकला, तर सोळा रंगही गेले. नुसता काळोख. मोजक्याच गोष्टींवर चालणाऱ्या सेफ मोडमधून मशीन कसंबसं उठलं. पोराने दिलेला ड्रायव्हर त्याच कंपनीच्या, पण भलत्याच कार्डाचा होता.

बायको साबिरा दारात उभी राहून बघत होती. मग तिने विचारलं, “वो सीडी, जिस पे हरे अक्षर थे?”

“हां. कुठी हाय?”

“उसमें न गाना था, न पिक्चर. मैंने दो बार लगा के देखा.”

“मंग?”

“ठमाबाई को दे दी. पोपट भगाने के वास्ते.”

त्या वर्षी आसपासच्या सगळ्या बांध्यांत बिघडलेल्या सीड्या टांगलेल्या होत्या. मधोमध आयतं भोक, सुतळी ओवली की काम झालं. उन्हात चमकल्या की पाखरं धानाच्या लोंबीवर बसत नसत. साबिराने चार सिनेमे आणि एक ड्रायव्हर असा ऐवज पोचवला होता.

कय्यूमभाईने सायकल काढली. बांधीत धान अर्धं कापून झालं होतं. ठमाबाई विळा घेऊन उभीच होती.

“फोटो झाला का भाऊ?”

“त्याच्यासाठीच आलो. तुमच्या बांधीत माझी एक सीडी लटकून राह्यली.”

“मंग? ते काढशीन तं इकडचं धान पोपट खातीन.”

“बदल्यात देतो ना काही.” त्याने पिशवीतून जुन्या कॅसेटची फीत काढली आणि दोन बांबूंमध्ये ताणून बांधली. वाऱ्यात ती भुणभुणू लागली. ठमाबाईने जरा वेळ कान देऊन ऐकलं.

“गानं कोनतं हाय याच्यावर?”

“कव्वाली.”

“चालते. पोपटायले काय कळते.”

सीडीवर पाखरांनी आपलं मत मांडून ठेवलं होतं. साबिराने ती पाण्याने धुतली, मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसली. सीडी वाचली गेली. ड्रायव्हर चढला. मशीन पुन्हा सुरू झालं. पुन्हा काळोख.

आता कय्यूमभाई कॉम्प्युटरपासून उठला. एक बिघडलेला ट्रान्झिस्टर समोर ओढला आणि उगाच त्याचं बटण फिरवत बसला. एका जागी दोन स्टेशनं एकावर एक बोलत होती. त्याचा हात थांबला.

“मी दोन गोष्टी केल्या,” तो साबिराला म्हणाला. “पहिला न काढता दुसरा टाकला. दोघंही हुकूम देऊन राह्यले.”

तीस वर्षांत त्याने नियम मोडला नव्हता, तो कॉम्प्युटरने पहिल्या काही महिन्यांतच मोडायला लावला. याचं त्याला जास्त वाईट वाटलं. सेफ मोडमध्ये जाऊन त्याने आधी सीडीवरचा ड्रायव्हर काढला, मग फ्लॉपीवरचा. मशीन बंद केलं, चालू केलं. सोळा रंग आले. त्या सोळा रंगांना बघून त्याला बरं वाटलं. मग एकच ड्रायव्हर टाकला, सीडीवरचा, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला.

अक्षरं बारीक झाली. फोटो उघडला. जत्रेतला पडदा निळा, ठमाबाईचं लुगडं हिरवं, सोमाजीचा अर्धा चेहरा माणसाचा.

सोमवार आणि मंगळवार उरलेला अर्धा चेहरा करण्यात गेले. डाव्या गालावरून उजवा गाल घेतला. मिशी जुळवली. फोटोवाले करतात तसा जाता जाता चेहरा थोडा उजळलाही. बुधवारी सकाळी ठमाबाई आली. हातावरची हळद तिने लुगड्याला पुसली आणि पडद्यासमोर वाकली.



“कोन हाय हा?”

“काऊन बाई? सोमाजी भाऊ.”

“नाक त्याचंच हाय. पन हा सावलीत बसनारा मानूस दिसते. तो एवढा गोरा नोता. काळा कर.”

कय्यूमभाईने रंग एक घर खाली आणला.

“आनखी.”

आणखी आणला. ठमाबाई बाकावर बसली. सोळा रंगांत हे जमलंच नसतं. एका काळ्यापासून दुसऱ्या काळ्यापर्यंत तिथे वाटच नव्हती. आता एकेक घर उतरत जाता येत होतं.

“आनखी थोडा. रोवण्यात दिवसभर उन्हात राह्यला का असा होये.”

एक घर. मग अर्धं.

“बस,” ठमाबाई म्हणाली आणि सोमाजी समोर असल्यासारखा डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला.